पिठलं सर आणि तिसऱ्या पायरीखालचा लाल पट्टा

भूगोलाच्या तासाला डबा घेऊन येणारे शिक्षक मी एकच पाहिले. मूर्तिजापूरच्या आमच्या शाळेत त्यांना सगळे पिठलं सर म्हणत. त्यांनाही ते ठाऊक होतं.

डब्याच्या एका कप्प्यात पातळ पिठलं, दुसऱ्यात घट्ट. पालथ्या ताटावर पातळ ओतलं की ते पसरून चपटं बसे. घट्ट जागीच साचे. "लाव्हा पातळ तं डोंगर पसरट, घट्ट तं उभा. मधात राख पडत गेली, का थरावर थर," म्हणत ते ढिगावर चुलीतली राख भुरभुरवत. राखेचं पिठलं कुत्र्याला जाई, उरलेलं आम्हाला.

"मंग आपल्या वऱ्हाडचा ज्वालामुखी कुठी आहे, सर?" मी विचारलं होतं.

"आपल्याले शेंडा नाही अन् तोंडही नाही. जमीन लांबच लांब फाटली, पातळ लाव्हा वाहत आला, थिजला. मंग पुन्हा आला. आपण पिठल्यावरच बसून आहो!"

तरी चिखलदऱ्याच्या सहलीत आम्ही दिवसभर तोंडच शोधलं आणि शेवटी तळ्यालाच ज्वालामुखी ठरवून टाकलं. सर दरीकाठी बसून होते. "पोट्टेहो, कड्याच्या पायऱ्या पाहा. एक पायरी म्हणजे लाव्ह्याचा एक पूर. अन् तो लाल पट्टा? दोन पुरांच्या मधात इतका वेळ गेला, का दगडाची माती झाली. नव्या लाव्ह्यानं ते भाजून काढली."

गेल्या श्रावणात त्यांचा फोन आला. काचबिंदूनं नजर जवळजवळ संपली होती. "पुरी जाच्या आधी एकदा कडा दाखव वो."

मी रजा टाकली, अमरावतीहून गाडी काढली, सरांना सोबत घेतलं. आम्ही चिखलदऱ्याला वर पोचलो तर दरी नव्हती, कडा नव्हता. पांढरं काहीतरी खालून आवाज न करता भरत येत होतं, पसरत होतं, थिजत होतं. पृथ्वी अजून व्हायचीच होती जणू. सर कठड्याला धरून उभे राहिले.

"मले तं काही समजत नाही. तुले दिसते का?"

मी सहसा खोटं बोलत नाही. त्या दिवशी बोलले. शाळेत पाहिलेला कडा वरपासून खालपर्यंत, पायरीपायरीनं सांगितला.

"अन् लाल पट्टा?"

"तिसऱ्या पायरीखाली, सर."

त्यांनी कठडा सोडून माझा हात धरला.

"धुकं तं मलेही दिसते, पोरी. पण पट्टा बराबर सांगतला. आता गेले डोळे तं जाऊ दे."