आईचा मासोळी-पाट
कुडवा गावच्या सुताराकडे सागवान कापताना वास आला आणि तलावावरची आमची ॲल्युमिनियमची नाव आठवली. तेव्हा तिची मोटर अडकवायची मागची लाकडी फळी कुजली होती. आईला जाऊन महिनाच झाला होता. बाजारात ज्या सागवानी पाटावर बसून ती मासे विकायची, तोच बाबांनी मापात कापून तिथे बसवला. “मले एकदा तरी नावेत बसवा ना जी,” म्हणायची ती. पण मासे काठावर आले की तिला टोपलं घेऊन बाजार गाठावा लागे. मी मोटर उचलून आणली. बाबा पाटावरून हात फिरवत राहिले. “राहू दे. जिंदगीभर धक्के खाल्ले तिनं, आता हादरे कायले देऊ तिले?” म्हणाले आणि वल्हं उचललं. आता बाबाही नाहीत. वल्हवून हात भरून येतात, पण पोत्यात गुंडाळलेली ती मोटर मलाही लावता आलेली नाही.