बँकॉकचा बाम

डोकं दुखलं की मी बामची ती हिरवी डबी उघडते, आणि कापराच्या वासाबरोबर ती डबी आणणारी धाकटी जाऊ डोळ्यांपुढे येते. बँकॉकहून आल्यावर ती आमच्या बैठकीत कूलरसमोर बसून सांगत होती. तिथले टॅक्सीवाले सामान पाहिलं की दुप्पट भाडं मागतात, म्हणून तिनं दिरांना बॅगांसकट खांबामागे उभं केलं, आपण रिकाम्या हातानं पुढे गेली, भाडं ठरवलं आणि मगच बॅगा बोलावल्या. सासूबाई म्हणाल्या, "लय हुशार आहे वं तू!" मी आतून पेटले. ती युक्ती माझी होती. नागपूर स्टेशनवर ऑटो करताना मी नेहमी तेच करायची, आणि नवी नवरी असताना तिलाही तिथंच दाखवलं होतं. सांगूनच टाकावं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात तीच म्हणाली, "मी कायची हुशार? ताईनंच शिकवलं मले." सगळे कौतुकानं माझ्याकडे पाहू लागले. माझा तर पासपोर्टही नव्हता, अजूनही नाही. डबीचं झाकण लावताना वाटतं, तिनं माझं नाव घ्यायला नको होतं. निदान मनासारखं चिडता तरी आलं असतं.