घेता ना?

त्या मुलाखतीला गेलो तेव्हा माझं वय सत्तेचाळीस होतं आणि बायोडेटात चौदा महिन्यांचं भगदाड होतं. त्यातले पहिले पाच महिने मी पीत होतो. उरलेले नऊ न पिण्यात गेले. न पिणं हे पूर्ण वेळ काम आहे, फक्त ते बायोडेटात लिहिता येत नाही.

सिंगापुरात मी आणि मुलगी तेव्हा बायकोच्या नोकरीमुळे मिळालेल्या रहिवासी पासवर राहत होतो आणि तिचा करार डिसेंबरात संपणार होता. तोवर मला नोकरी लागली नाही, तर वुडलँड्सचा फ्लॅट रिकामा करून, मुलीची शाळा अर्ध्यावर सोडून, तिघांनी पुण्याला परत.

भगदाडाबद्दल काय सांगायचं, यावर घरी बराच खल झाला. बायकोचं मत, 'कौटुंबिक कारण' म्हणावं. ते खोटंही नव्हतं, कुटुंबाला जो काही त्रास झाला त्याचं कारण मीच होतो. दर शनिवारी मी दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीला जायचो. तिथे हौगांगला राहणारे एक निवृत्त टॅक्सीवाले काका होते. त्यांनी एकदा ही गोष्ट लपवून नोकरी धरली होती आणि मग रोज कोण ओळखेल या धास्तीत ती केली होती. विचारलं की सांगून टाक, लाह, असं त्यांचं इथल्या लकबीतलं म्हणणं. मी मध्यममार्ग काढला. विचारलं तर सांगायचं, नाही विचारलं तर देवाची कृपा.

मुलाखत घेणारा मॅनेजर पुण्याचाच निघाला, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. मी कोथरूडचा आहे कळल्यावर त्यानं इंग्रजी बाजूला ठेवलं. तासभर कामाचे प्रश्न झाले. चौदा महिन्यांबद्दल एक अक्षर नाही. मग त्यानं कागद मिटले, खुर्चीत रेलला, अंगठा तोंडापाशी नेऊन खांद्यावरून मागे हलवला आणि सहज विचारलं, "मग, घेता ना?"

याला कळलंय, मी मनात म्हटलं. इथल्या मराठी लोकांत बातमी एमआरटीच्या गाडीपेक्षा जोरात धावते.

"घेत होतो," मी आवाज खाली आणून म्हणालो. "नऊ महिने झाले, सोडली."

"अरे वा. अजिबात नाही?"

"एक थेंब नाही."

"मग डोकं नाही दुखत?"

"पहिले काही दिवस हात थरथरायचे."

"माझ्या बायकोचंही तसंच झालं होतं," तो म्हणाला. "आता ती बिनदुधाची घेते."

तेव्हा कुठे मला काचेपलीकडचं, त्याच्या अंगठ्याच्या रेषेतलं कॉफीचं मशीन दिसलं.

कॉफी आणि दारू, दोन्ही स्त्रीलिंगी. नुसतं 'सोडली' म्हटलं तर कुठली, ते कळायला मार्ग नाही. मी सगळं खरं सांगून बसलो होतो आणि समोरच्याला काहीही कळलं नव्हतं. इतका सोयीस्कर प्रामाणिकपणा माझ्या वाट्याला पुन्हा कधी आला नाही. अर्धा मिनिट मी तो मनसोक्त उपभोगला. मग वाटलं, ही गंमत शनिवारी काकांना सांगितली तर ते पोट धरून हसतील आणि हसून झालं की, पुढे काय म्हणालास, विचारतील.

"मी कॉफीबद्दल बोलत नव्हतो," मी म्हणालो. "दारू. आधीची नोकरी तिच्यापायीच गेली. ते चौदा महिने त्याचेच आहेत."

तो सरळ बसला. मिटलेले कागद पुन्हा उघडत म्हणाला, "आमच्याकडे शुक्रवारी क्लायंटबरोबर बसावं लागतं."

"मी उभा राहीन."

तो हसला नाही. विनोद चांगला होता, असं माझं अजूनही मत आहे. हे वरच्यांना कळवावं लागेल, असं तो म्हणाला. मी कळवा म्हटलं. लिफ्टपर्यंत सोडायला आला तेव्हा तो पुन्हा इंग्रजीत बोलत होता.

दोन आठवड्यांनी मेल आला. मी मागितलेली जागा मिळाली नव्हती. क्लायंटशी संबंध न येणारं, टेस्टिंगचं काम होतं. एक वर्षाचा करार, दर तीन महिन्यांनी, पीत नसल्याचं डॉक्टरांचं पत्र. मी त्याच दिवशी हो कळवलं.

बायकोनं मेल दोनदा वाचला. मुलीचा शाळेचा दाखला काढायचा अर्ज तिनं भरून ठेवला होता, हे मला तेव्हा कळलं. तो तिनं फाडला नाही. ड्रॉवरमध्ये सरकवला आणि म्हणाली, वर्षभरानं बघू.