टाळूचा तुकडा

मंजुळाबाईला सहा लेकरं झाली आणि साही जगली. हिंगोलीकडच्या गोरेगावच्या आसपासच्या गावांत त्या काळी ही गोष्ट शेतीवाडीपेक्षा मोठी मानली जाई. पटकी येऊन गेली, देवी येऊन गेली, एका साली हिवतापानं घरंच्या घरं झोपवली. मंजुळाबाईच्या घरातलं एकही लेकरू गेलं नाही. यात आपलं काही कर्तृत्व आहे असं ती स्वतः कधी म्हणाली नाही. पण गावातल्या बायका म्हणत, आणि ज्यांची मुलं राहत नसत त्या थंडीच्या तोंडावर तिच्या ओट्याशी येऊन उभ्या राहत.

त्या यायच्या कापडाचा तुकडा मागायला. रीत अशी होती की, जिची मुलं जातात तिनं नव्या बाळाच्या अंगावर नवं कापड घालायचं नाही. जिथली सगळी मुलं जिवंत आहेत अशी पाच घरं शोधायची, त्या मुलांच्या अंगावरचं जुनेर मागून आणायचं आणि त्या तुकड्यांची कुंची शिवायची. चार तुकडे कुठलेही चालत. पाचवा, बाळाच्या टाळूवर येणारा, नीट पारखून घ्यायचा. टाळू भरेपर्यंत लेकराचा जीव उघड्यावर असतो अशी समजूत होती, म्हणून तो तुकडा ज्या घरात सगळ्यांत जास्त मुलं सुखरूप आहेत तिथून यायला हवा. त्या गावात तो मंजुळाबाईकडून जाई.

तुकडा हातावर ठेवताना देणारीनं म्हणायचं, "माझी सगळी हायत. तुझंबी राहू दे." घेणारीनं तो पदरात घेऊन "राहू दे" म्हणायचं. हे बोलणं झालं नाही तर ती नुसती चिंधी. मंजुळाबाई 'सगळी' म्हणत नसे, आकडा सांगे. "माझी साही हायत."

शेजारची रूपाबाई थट्टा करायची. "मंजुळाकाकू, तुमच्या पोरांच्या अंगावर सदरा ऱ्हातो का न्हाई? सारं गाव फाडून नेऊन राहिलं."

"ऱ्हातो की. बाह्या गेल्यात, गळा हाय अजून."

तुकडा देऊन ती थांबत नसे. कुंचीही शिवून द्यायची. कापणी तिच्या आजीच्या वळणाची होती: डोक्याला घट्ट बसणारा टोपरा, मानेशी बारीक चुण्या, आणि तिथून खाली बाळाच्या टाचांच्याही पुढं जाणारा घोळ, म्हणजे पाय त्यात गुंडाळून घेता येत. आत जुन्या धोतराचं अस्तर. दोन थरांच्या मध्ये घरच्या कापसाची पातळ घडी, सरकी हातानं काढलेली. हिंगोलीच्या बाजारात तेव्हा तयार कुंच्या मिळू लागल्या होत्या, झालर लावलेल्या, कमरेपर्यंतच्या. कुणीतरी एकदा तिला दाखवायला आणली होती. तिनं उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "पाय उघडे. ही लेकराला हाय का बघणाराला?"

संतराम तिचा चौथा. १९४३ सालच्या हिवाळ्यात तो गावातल्या रामकिशनबरोबर कापसाची गाडी घेऊन हिंगोलीला गेला. गाडी परत आली ती दुसऱ्याच माणसानं हाकत आणली. दोघं लढाईच्या सडकेच्या कामाला आसामकडं गेले, मुकादमानं बाजारातूनच नेले, एवढा निरोप त्यानं सांगितला, बैल सोडून दिले आणि पाणी पिऊन तो निघून गेला. बापानं, सटवाजीनं, चार दिवस शिव्या दिल्या. मंजुळाबाईनं संतरामचे कपडे धुऊन घडी करून ठेवले. रोज रात्री त्याच्या वाटची भाकरीही ती झाकून ठेवू लागली.

लढाई संपल्यावर रामकिशन एकटा आला. अंगानं पिवळा पडलेला, हिवतापानं पाणथरी वाढून पोट फुगलेला. मंजुळाबाई त्याच्या दारात गेली तेव्हा तो उन्हाला बसला होता.

"त्याला लई ताप भरला, काकू. मोटारीत घालून दवाखान्याकडं नेला. आमची टोळी त्याच दिशी म्होरं हलली. म्होरलं मला काई ठावं न्हाई."

"मोटारीत घातला तवा बोलत होता?"

"व्हय."

"काय बोलला?"

"पानी मागितलं."

तिनं एवढंच धरून ठेवलं. पाणी मागतो म्हणजे शुद्धीवर होता. पुढं कितीतरी दिवस ती रामकिशनला गाठून तेच विचारायची: मोटार कुठल्या रंगाची, बरोबर कोण होतं, पाणी दिलं का. शेवटी तो शेताकडं जायला मागची वाट धरू लागला.

बायका तुकडा मागायला येतच होत्या, आणि ती "माझी साही हायत" म्हणतच होती. तिच्या तोंडावर कुणी काही बोललं नाही. येणाऱ्या मात्र कमी झाल्या. कापडावर कंट्रोल आहे, लोकांकडं सुतळीचा तोडा नाही, म्हणून येत नसतील, असं ती म्हणे.

त्याच साली सटवाजीनं ज्वारीच्या राखणीला जाताना खुंटीवरची संतरामची घोंगडी काढून पाठीवर टाकली. मंजुळाबाईनं ते पाहिलं. राखण उठेपर्यंत ती नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही. भाकरी बांधून द्यायची आणि तोंड फिरवायची. सटवाजीनंही घोंगडी परत खुंटीवर ठेवली नाही.

थोरली लेक शालू औंढ्याकडं दिली होती. तिची दोन मुलं गेली होती. एक सटवीच्या पुजेच्या आतच गेलं, दुसरं पाच महिन्यांचं होऊन, हसायला लागलेलं असताना. १९४६च्या दिवाळीनंतर ती तिसऱ्या खेपेला माहेरी आली. पोचवायला सासू आली होती. जेवणं झाल्यावर विहिणीनं हळूच विषय काढला.

"ईनबाई, कुंची तुमीच शिवा. हात तुमचाच पाह्यजे. टाळूचं तेवढं आमी आणून देतो."

"काहून?"

"तुमाला तकलीफ काहून द्यायची म्हणून."

"मला कसली तकलीफ? सहा लेकरांची माय हाय मी. सारा मुलूख माझ्या दारात येतो, अन् माझी लेक दुसऱ्याच्या दारात पदर पसरंल?"

विहिणीनं सुनेकडं पाहिलं. शालूनं खाली मान घालून तांदळातले खडे निवडायला घेतले होते, ती निवडत राहिली.

मुलगी झाली. वजनाला बरी, रडायला खणखणीत. चार घरचे तुकडे मंजुळाबाईनं स्वतः फिरून आणले. पाचव्यासाठी तिनं घरातली पेटी उघडली. पेटीत सहाही मुलांची जुनेरं होती. थोरल्याचा सदरा घेतला असता तरी कुणी काही म्हटलं नसतं. तिनं संतरामचा हिरव्या रेघांचा सदरा काढला. तो टाळून दुसऱ्याचा घेतला तर आपण त्याला मोजणं सोडलं असा अर्थ होईल, असं तिला वाटलं. पाठीकडचं मऊ झालेलं कापड तिनं कातरलं, बाजेवर बसलेल्या शालूच्या पुढं धरलं आणि शेजारी ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "माझी साही हायत. तुझंबी राहू दे."

शालूनं पदर पुढं केला. ओठ मात्र हलले नाहीत. मंजुळाबाईनं थोडी वाट पाहिली, मग तुकडा तिच्या पदरात ठेवून ती शिवायला बसली.

बारशाला कुंची तयार होती. जमलेल्या बायकांनी चुण्यांची तारीफ केली. टाळूवरच्या हिरव्या रेघांकडं सगळ्यांनी पाहिलं आणि पाळणा म्हणायला सुरवात केली.

मग वेचणी लागली. मंजुळाबाई सकाळी कापसात जायची ती दिवस कलल्यावर यायची. एका सकाळी बाळाला न्हाऊ घालून धुरी देऊन झाल्यावर ती कुंची घालू लागली, आणि टोपऱ्याच्या आत घातलेल्या तिच्या बोटांना गाठी लागल्या. तिच्या शिवणीत गाठ आत येत नसे. तिनं कुंची उजेडात धरली. टाळूवर विटलेल्या तांबड्या अलवानाचा तुकडा होता, जाड दोऱ्यानं ओबडधोबड जोडलेला.

"हे कुणाचं?"

शालू बाजेवर सरकून भिंतीला टेकली. "पिंपळापलीकडच्या भिकाकाकूच्या पोराचं."

"कवा आणलंस?"

"तू वेचणीला गेल्यावर रूपाकाकूला धाडलं."

"माझ्यात काय खोट निघाली?"

"माय, मला ही जगवायची हाय."

"म्हंजी तू तुझ्या भावाला मारलंस."

"म्या न्हाई मारला!" शालूचा आवाज चिरकला. "दोन पुरून आले मी, माय. तू त्याची भाकरी झाकून ठेवतीस, ठेव. मी कवा काई बोलले? बा घोंगडी घेऊन गेला तर तू बोलली न्हाईस त्याच्याशी, तवाबी मी तुझ्याच बाजूनं होते. उद्या दारात येऊन उभा ऱ्हायला तर त्याचे पाय मी धुईन. पर तो हाय का न्हाई हे ह्या लेकराच्या टाळूवर बघायचं न्हाई मला."

मंजुळाबाई कुंची तशीच हातात घेऊन बाहेर ओट्यावर आली. सटवाजी गोठ्यातून येत होता. काय झालं, म्हणून त्यानं विचारलं. "काई न्हाई, पोरगी रडून राहिली," ती म्हणाली. बाळ खरंच रडत होतं. उघड्या डोक्यानं, गार हवेत. सटवाजी उभा राहिला, तिच्या हातातल्या कुंचीकडं त्यानं पाहिलं, आणि पाण्याची बादली उचलून परत गोठ्यात गेला.

थोड्या वेळानं ती आत आली. तिनं बाळाला मांडीवर घेतलं आणि टाळूवरून बोट फिरवलं. केसांच्या मऊ लवेत गाठीनं उठवलेला बारीक लाल डाग होता.

"कशानं शिवलंस?"

"गोधडीच्या दोऱ्यानं. दाभणानं."

"बारीक सुई पेटीत व्हती की."

"तुझी पेटी म्या उघडली न्हाई," शालू म्हणाली.

हिरव्या रेघांचा तुकडा कोनाड्यात घडी करून ठेवला होता. उसवतानाही शालूनं कापड फाटू दिलं नव्हतं. मंजुळाबाईनं पेटीतून सुई आणि पांढरा दोरा काढला, उंबऱ्याजवळ उजेडाला बसली आणि लेकीचे टाके एकेक करून काढले. तांबडा तुकडा सुटा झाला. कुंचीच्या टाळूला भोक पडलं आणि त्यातून कापूस दिसू लागला. शालू बघत होती. कोनाडा मंजुळाबाईच्या हाताच्या अंतरावर होता.

तिनं कापूस बोटांनी सारखा केला. तांबडं अलवान पाण्याचा हात लावून मऊ केलं, कडा आत दुमडल्या आणि ते परत टाळूवर बसवलं. मग बारीक, एकाला एक लागून टाके घालत गेली. मध्येच दोरा संपला तेव्हा नवा ओवायला तिला वेळ लागला. शालूनं हात पुढं केला, पण तिनं सुई दिली नाही. शिवण संपल्यावर आतून तळहात फिरवून पाहिला. कुठं टोचत नव्हतं.

"घाल," ती म्हणाली आणि वेचणीला निघून गेली.

त्या संध्याकाळी तिनं संतरामची भाकरी झाकून ठेवली की नाही, हे शालूनं पाहिलं नाही.

मुलगी जगली. कशामुळं जगली ते सांगता येत नाही; त्या साली थंडी बेताची होती आणि शालूला दूध भरपूर होतं. महाशिवरात्रीला तिचा नवरा औंढ्याच्या जत्रेतून परस्पर न्यायला आला तेव्हा तिची टाळू भरू लागली होती.

पुढचा हिवाळा वाईट आला. रझाकारांच्या भीतीनं कितीतरी घरांना कुलपं लागली होती, माणसं पैनगंगेपलीकडं वऱ्हाडात जाऊन राहिली होती. अशा दिवसांत तांड्यावरची पारुबाई पोटाशी लहानगं लेकरू धरून मंजुळाबाईच्या ओट्याशी आली. तिची तीन गेली होती. तिनं पदरातले चार तुकडे दाखवले आणि आपल्या बंजारा बोलीत 'आई' म्हणून हाक मारली.

"याडी, टाळूचा तेवढा तुमी द्या. तुमचंच नाव सांगितलं सगळ्यांनी."

मंजुळाबाईनं चारही तुकडे हातात घेतले, ताणून पाहिले. "कुंची मी शिवून देते," ती म्हणाली. "टाळूचं भिकाबाईकडून आण. पिंपळापलीकडं घर हाय. तिची सगळी हायत."

पारुबाईला संतरामचं काही माहीत नव्हतं. ती तशीच उभी राहिली.

"जा," मंजुळाबाई म्हणाली. "लेकरू इथं दे तवर माझ्यापाशी. भाईर लई गार हाय."