एका शेगडीवर दोन मुलूख

भांडी वेळेवर घासली नाहीत की मोरीत साठतात, तसे हे किस्से माझ्याकडं साठलेत. वास सुटायच्या आत सांगून टाकतो.

दोन हजार सालाच्या आगेमागे दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात आमचा बांधकाम कामगारांचा कॅम्प होता. खोलीत आठ जण. निम्मे आम्ही माणदेशी, निम्मे देवगडकडचे. शेगडी एक! आमचं जेवण म्हणजे भाकरी, ठेचा, दाण्याचं कूट. त्यांचं म्हणजे भात, मासे, ओलं खोबरं. त्यांचा पुढारी वसंता, आमचा मी.

*

पहिल्याच आठवड्यात वसंतानं वांग्यात खोबरं घातलं. मी म्हणालो, "वांग्याचं लग्न लावलंस काय रं? अक्षता टाकल्यात त्या!"

दुसऱ्या दिवशी त्यानं माझं कालवण चाखलं. डोळ्यांतनं पाणी. म्हणाला, "नानानू, ह्या जेवाण आसा की शिक्षा?"

बोलणं बंद!

*

मग गावाकडनं कांदा-लसूण मसाला आला. फोडणीत जरा सढळ हातानं घातला, तर सगळा मजला खोकायला लागला. कॅम्प बॉस उस्मान, सुदानी माणूस, आग लागली समजून बादली घेऊन धावत आला. डोळे पुसत म्हणाला, "और एक बार धुआँ, और एक बार झगडा, किचन को ताला! फिर कंपनी का डब्बा खाओ!"

कुणी हसलं नाही. कंपनीचा डबा म्हणजे पिवळं पाणी आणि चामड्यासारखी पोळी. शेजारच्या खोलीचं किचन असंच बंद झालेलं. ती माणसं आमच्या दारावरनं जाताना पाय रेंगाळत वास घ्यायची.

*

तरी अक्कल आली का? छे!

वसंताच्या आईनं सुके बांगडे धाडले. त्यानं ते एसीसमोर टांगले. साईटवरनं आलो तर खोलीत अख्खं देवगड बंदर! मी उचलले आणि बाहेर वाळूत भिरकावले. मांजरं टपलेलीच होती.

वसंता कांदा चिरत होता. उठला. सुरी हातातच. "माझ्या आवशीन धाडलेले ते!"

मी म्हणालो, "मग तिलाच सांग, दुसरी खोली पण धाड!"

चौघांनी त्याला धरलं, म्हणून मी आज हे लिहितोय.

*

आरडाओरडा ऐकून उस्मान कुलूप घेऊनच आला. मी म्हणालो, "बॉस, शुक्रवारी दोघांचं जेव. ज्याचं चांगलं, त्याची शेगडी. दुसरा मुकाट गिळेल." कबूल झाला.

शुक्रवारी वसंतानं सुरमईची आमटी केली. मी मटणाचा रस्सा आणि बाजरीची भाकरी. कुणी कुणाकडं बघेना. उस्माननं कुलूप ताटाशेजारी ठेवलं. भात घेतला. त्यावर आमटी ओतली. त्यावरच माझा रस्सा ओतला! वर भाकरी कुस्करली आणि सगळं पाची बोटांनी कालवलं.

आठही जण त्या ताटावर वाकले.

पोटभर जेवला. बोटं चाटली. "बहुत अच्छा! दोनों सेम-सेम! झगडा किसलिए? किचन खुला. हर जुम्मा मैं आएगा!"

वसंतानं त्याच्या पुढनं ताट ओढून घेतलं. बांगड्यांनंतर पहिल्यांदाच माझ्याशी बोलला, "नानानू, ह्येच्या हातात कुलूप द्या! किचन बंद झाला तरी चलात!"

मी आधीच दिलं होतं.