पोटाच्या भिंतीतला गॅस

नव्वदच्या आसपास आम्ही गिरगाव सोडून मीरा रोडला फ्लॅट घेतला. भिंती इतक्या पातळ की शेजारच्या गुजराती बेन शिंकल्या तर आमच्याकडे ऐकू यायचं. "बाथरूमची भिंत तरी जाड करून घेऊ," असा ह्यांचा धोशा चालू असायचा. माझी टेलिफोन ऑपरेटरची सकाळची ड्युटी. मी अंधारातच निघायचे. मागे आमचे हे काय उद्योग करतात, देव जाणे!

एका शनिवारी घरी आले तर हे पोट धरून बसलेले. "गॅस झालाय," म्हणाले. ओवा झाला, हिंग झाला, सोडा झाला. शेवटी हॉस्पिटल गाठलं. एक्स-रे बघून डॉक्टर गंभीर झाले, सीटी स्कॅनला पार अंधेरीला पाठवलं. तो बघून म्हणाले, "गॅस पोटात नाही, पोटाच्या भिंतीत शिरलाय."

"भिंतीत?" मी ओरडलेच.

"जंतूंनी भिंत सडत असेल तर जिवाला धोका, पोट उघडावं लागेल. अ‍ॅसिड पोटात गेलं, रक्तपुरवठा तुटला, तरी असं होतं. पण जोराच्या ओकाऱ्यांनी हवा घुसली असेल, तर ती बहुतेक आपोआप जिरते. ओकाऱ्या झाल्या का?"

"छे! एकही नाही," हे ठणकावून म्हणाले.

मग कारण सापडेना. ऑपरेशनची बोलणी सुरू झाली. तेवढ्यात बेन खिचडीचा डबा घेऊन आल्या.

"भाभी, ये तो होनाही था. भाईसाहब रोज सुबह बाथरूम में इतनी जोर से उलटी करते हैं, मेरी तो चाय छूट गयी!"

मी वळून पाहिलं. हे छताकडे बघत होते.

"ती उलटी नव्हे," हळूच म्हणाले. "शुद्धिक्रिया. मिठाचं पाणी भरपूर प्यायचं आणि काढून टाकायचं. पुस्तकात दिलंय."

"शुद्धी गेली चुलीत! पोट फाडून घेणार होतात, पण तोंड उघडणार नव्हतात?" अख्ख्या वॉर्डाला ऐकू गेलं असणार. मग मला तिथेच रडू कोसळलं. घाबरले होते हो मी, फार घाबरले होते.

डॉक्टरांनी आणखी तपासण्या केल्या. ना ताप, ना जंतू. तोंडाने काही द्यायचं नाही, नुसतं सलाईन. पुढच्या एक्स-रेत गॅस जिरलेला दिसला आणि चाकू टळला.

बोनस आला तेव्हा ह्यांनी गवंडी बोलावला, बाथरूमची भिंत जाड करायला. मी दार अडवून उभी राहिले.

"त्या भिंतीला हात लावलात तर याद राखा!"

पलीकडून बेन खुदकन हसल्या. स्पष्ट ऐकू आलं.