तिसऱ्या रकान्यातला शेरा

ती घटना मला आजही बारीकसारीक तपशिलांसह आठवते. एवढं एक वाक्य लिहायला मला निवृत्तीनंतर दोन वर्षं लागली. बाकीच्या आठवणी लिहिताना हात अडला नाही. खून, दरोडे, दंगली, सगळं भराभर कागदावर उतरलं. हे प्रकरण मात्र साध्या फसवणुकीचं, आणि त्यात मान खाली जाते ती माझी.

तेव्हा मी डोंबिवलीतल्या एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. आमच्याकडे एक रीत आहे. मिठाईचं दुकान असो, जिम असो की दवाखाना, उद्घाटनाला ठाण्याच्या साहेबांना बोलवायचं. शांतता समितीतला कुणीतरी आग्रह करतो, साहेब गणवेशात जातात, फीत कापतात, शाल-श्रीफळ घेतात, फोटो निघतो. मीही जायचो, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. अशीच एका आयटी क्लासची फीत मी कापली. क्लासचा चालक पस्तिशीचा, जिभेवर साखर. आठवड्याभरात त्याने माझा फोटो खिडकीएवढा मोठा करून आपल्या टेबलामागे टांगला. गस्तीवर असताना काचेतून तो दिसला, तेव्हा मी ड्रायव्हरला जीप जरा हळू घ्यायला सांगितली होती.

सात-आठ महिने गेले. एका सकाळी हजेरी आटोपल्यावर आमचा एक जुना हवालदार केबिनमध्ये आला. त्याची पुतणी त्या क्लासला जात होती.

“साहेब, शिकवणारे सगळे सोडून गेलेत तिथले. पोरांना यूट्यूब लावून बसवतात.”

“लेखी तक्रार आहे का कुणाची?”

“तशी नाही.”

“मग आपण कशाला नाक खुपसायचं?”

तो सलाम करून गेला. दुसऱ्या कुठल्या क्लासबद्दल हे ऐकलं असतं तर मी संध्याकाळच्या आत माणूस पाठवला असता. इथे पाठवला नाही, कारण तिथे माझा फोटो होता. महिन्याभरात क्लासला कुलूप लागलं आणि चालकाचा फोन बंद झाला.

पोलीस ठाण्यात सगळ्यांच्या आधी आली ती शेजारच्या दिवा गावातली एक बाई. चाळिशी ओलांडलेली, एमआयडीसीतल्या औषध कंपनीत मालाची रवानगी सांभाळणारी. कंपनी गुजरातला जाणार अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हा वेळीच दुसरी वाट धरावी म्हणून तिने आयटी शिकायचं ठरवलं. क्लास दिवसाचा, म्हणून बारा वर्षांची नोकरी सोडली. आता नोकरी गेलेली आणि कोर्स अर्धवट, अशी तिची अवस्था होती. पण ती रडली नाही. तिने पिशवीतून एक लांब वही काढून माझ्यापुढे ठेवली.

“मी डोळे झाकून नव्हते गेलेले, साहेब. तीन क्लास फिरून आलेले.”

वहीत पट्टीने तीन रकाने आखले होते: ठाणे शहरातला क्लास, ऑनलाइन क्लास आणि हा. प्रत्येकाखाली काय शिकवणार, शिकवणारे कोण, जुने विद्यार्थी भेटले का, सगळं मांडलेलं. शेवटी शेरा. पहिल्या रकान्यात होतं, ‘या वयात पहिली नोकरी मिळायला वर्ष-दीड वर्ष लागेल म्हणाले. दोन तास फुकट बसू दिलं.’ दुसऱ्यात, ‘समोर कुणी नाही, नुसते फोन.’ आणि तिसऱ्यात, ‘लेखी हमी नाही. सर भिंतीवरचा फोटो दाखवून म्हणाले, हे साहेब आमच्या मागे आहेत, नोकरी नक्की. हाच घेते.’ खाली तारीख.

“त्या ठाण्याच्या क्लासचा माणूस खरं बोलत होता, ते कळत होतं मला,” ती म्हणाली. “पण खरं ऐकलं की धीर सुटतो ना. मग इथे तुमचा फोटो बघितला. म्हटलं, पोलीस आहेत मागे, आपल्याला कोण फसवतंय?”

ती मला दोष देत नव्हती. प्रवेश का घेतला एवढंच सांगत होती. माझे कान मात्र तापले. बाहेर आणखी विद्यार्थी थांबले होते, एक स्थानिक पत्रकारही घुटमळत होता. ठाणे अंमलदार फिर्याद टाइप करत होता. मी त्याला म्हणालो, “वहीचं राहू द्या. माहितीपत्रक वाचून प्रवेश घेतला, असं घ्या.”

“पण साहेब, मी माहितीपत्रकावर गेलेच नव्हते,” ती म्हणाली.

“कायद्यात असंच लिहितात, ताई. वही घरी न्या, लागणार नाही.”

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि सही केली. तीस वर्षांत मी शेकडो फिर्यादी घेतल्या होत्या. माणूस कुठे विश्वास ठेवून सही करतो, ते मला चांगलं कळत होतं.

तपास मी स्वतःकडे ठेवला. ठाण्यात वाटलं, साहेबांनी मनावर घेतलंय. दोन आठवड्यांनी बातमी लागली, गडी टिटवाळ्याला एका नव्या बिल्डिंगमध्ये गाळा घेऊन बसलाय. छापा घातला, तेव्हा तो नव्या क्लासच्या पाटीला रंग निवडत होता. कोपऱ्यात चादरीत गुंडाळलेली एक चौकट होती. चादर सोडली तर आत मी, हातात कात्री घेऊन हसत असलेला.

“सगळं टाकून हा घेऊन पळालास?” मी विचारलं.

“साहेब, कॉम्प्युटर भाड्याचे, टेबलं भाड्याची. आपलं स्वतःचं असं हेच होतं.”

चौकशीत त्याने फार ताणलं नाही. नोकरी देणाऱ्या म्हणून क्लासच्या भिंतीवर लावलेले कंपन्यांचे लोगो नेटवरून काढलेले होते, एकाही कंपनीशी बोलणं झालेलं नव्हतं. वर मलाच म्हणाला, “मी कुणाला ओढून नाही आणलं. लोक कोर्सचं विचारतात, पण नजर तुमच्या फोटोवर. मी फक्त मान हलवायचो.” पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. पंचनाम्यात मी त्या फोटोची नोंद ‘लाकडी फ्रेम, एक’ अशी घेतली.

निवृत्तीला काही महिने उरले असताना कल्याणच्या कोर्टात खटला उभा राहिला. आरोपीच्या वकिलाने माहितीपत्रक पुढे केलं. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं, ‘नोकरीची हमी नाही.’ फिर्यादीने हेच वाचून प्रवेश घेतला, असं तिच्याच फिर्यादीत आहे, मग फसवणूक कसली? धंदा बुडाला, एवढंच. त्यावर ती बाई साक्षीत म्हणाली, की आपण फोटो बघून आणि तोंडी शब्दावर प्रवेश घेतला होता. तिने पिशवीतून वही काढली. वकील हसला. ही दोषारोपपत्रात नाही, म्हणाला, काल रात्री लिहिली असेल.

मग माझी साक्ष झाली. वकिलाने ती वही माझ्यासमोर धरली.

“ही वही तुम्ही पूर्वी पाहिली होती?”

पुढच्याच महिन्यात माझा निरोप समारंभ होता. वरिष्ठ येणार होते.

“आठवत नाही,” मी म्हणालो.

“फोटोबद्दल फिर्यादीने तुम्हाला काही सांगितलं होतं?”

“सांगितलं तसं लिहून घेतलं.”

आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटला. निकालाच्या दिवशी जिन्यात ती बाई भेटली. मी बाजूला व्हायला बघत होतो, पण तीच थांबली.

“साहेब, मी खोटं नव्हते बोलत हो,” ती म्हणाली. मलाच पटवून देत होती. मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी घड्याळाकडे पाहिलं आणि खाली उतरलो.

या प्रकरणाने काय शिकवलं, असं लोक विचारतील. चाळिशीत नवी वाट धरणारा माणूस चौकशी करतो, रकाने आखतो, पण शेवटचं पाऊल टाकताना त्याला कुणाचा तरी हात धरावासा वाटतो. तिने माझा धरला. आरोपीने तिचा कोर्स बुडवला, पण भरकोर्टात तिला खोटी मी ठरवलं, आणि ते त्याच्या गुन्ह्यापेक्षा मोठं आहे असं मला वाटतं. त्यानंतर मी एकही फीत कापली नाही. त्याने तिचं काहीच भरून निघत नाही, हे मला समजतं.

शपथेवर दिलेलं उत्तर आता बदलता येत नाही. निदान इथे लिहितो. ती वही मी पाहिली होती. निळी शाई होती, तिसरा रकाना होता, आणि ‘हाच घेते’ या शब्दांखाली तिने दोन रेघा मारल्या होत्या.